उसना कॅचर

आमच्या ला पाल्मिता गावात दामासो बारियाचे दोन गुण सर्वांना ठाऊक होते. पहिला म्हणजे त्याचा पाव, जो मातीच्या भट्टीतून निघाला की नदीपलीकडच्या माणसालाही भूक लागायची. दुसरा म्हणजे त्याचा सरळपणा. हा दुसरा गुण गावाला फारसा परवडत नसे.

दामासो पावाचा धंदा करी आणि रविवारी आमच्या बेसबॉल संघाचा कॅचर असे. होम प्लेटमागे उकिडवा बसून पिचरचे चेंडू झेलायचे, आणि धावत त्या प्लेटवर, म्हणजे होमवर, येणाऱ्याला चेंडू टेकवून बाद करायचं. हे काम करून करून त्याचे गुडघे इतके वाजायला लागले होते की तो उठला हे आवाजावरून कळे. मी राईट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभा असायचो. तिकडे चेंडू वर्षाकाठी एखाददुसरा यायचा, त्यामुळे मला बघायला वेळ भरपूर.

एकदा सालिनासवाल्यांशी सामना रंगात आला होता. त्यांचा गडी घसरत होमवर आला, धुळीचा लोट उठला आणि पंचाने त्याला बाद दिलं. आम्ही टोप्या उडवल्या. धूळ बसल्यावर दामासो उठला, गुडघे वाजले, आणि तो पंचाला म्हणाला, "साहेब, माझा चेंडू त्याला लागला नाही."

सामना गेला. क्रिसांतोशेठ, म्हणजे आमच्या संघाचे अध्यक्ष आणि गावातल्या एकुलत्या एक मोठ्या दुकानाचे मालक, टोपी चावायच्या बेतात आले होते.

"दामासो, तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

"पण लागला नव्हता ना."

असा हा माणूस. आता नदीपलीकडच्या एल गुआसिमोबद्दल सांगायला हवं. त्यांच्या आणि आमच्या गावाची देवी एकच, सांता रोसा. त्यांचं म्हणणं आमची मूर्ती त्यांच्या मूर्तीची नक्कल आहे, आणि आमचं म्हणणं त्यांच्या मूर्तीला नाक नाही. गुआसिमोचं कुत्रं पुलावर आलं तर आमची कुत्री आधी उठून उभी राहायची, मग भुंकायची. आणि दामासोने बायको केली ती नेमकी तिथली. एनेइदा. तिचे वडील तोरिबिओ खोगिरं शिवायचे. सामना कुठेही असो, म्हातारा तारेच्या जाळीमागे अगदी दामासोच्या पाठीशी येऊन बसायचा आणि शेवटपर्यंत ओरडायचा, "जावईबापू, हाताचं पीठ धुऊन आलात का?" आमचे लोक त्याला दगड मारायला उठायचे आणि एनेइदाकडे बघून खाली बसायचे.

बावन्न साल असेल. प्रांताच्या लीगची उपांत्य फेरी आम्ही गुआसिमोशी हरलो. वाईट हरलो. अंतिम फेरीत ते पोहोचले, समोर बंदराचा संघ. आमचं गाव एका दिवसात बंदराचं भक्त झालं. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता तेही 'आमचं बंदर, आमचं बंदर' म्हणायला लागले.

आणि मग गुआसिमोचा कॅचर घोड्यावरून पडला. अंगठा मोडला.

आमच्या लीगचा एक नियम होता. अंतिम फेरीत गेलेल्या संघाला बाहेर पडलेल्या संघांतून एक खेळाडू उसना घेता यायचा. ज्याला मागितलं त्याने नाही म्हटलं तर त्याला वर्षभर मैदान बंद. दुसऱ्याच दिवशी गुआसिमोचे तिघे जण टोप्या हातात धरून, बगलेत एक कोंबडी घेऊन पूल ओलांडून आले आणि थेट दामासोच्या दारात उभे राहिले. मी तिथेच पाव घेत होतो.

"दामासो, तुला आमच्याकडून खेळायला हवं," त्यांच्यातला वयस्कर म्हणाला. "कोंबडी सूपासाठी आणलीय. नाही म्हणालास तरी परत नेणार नाही."

दामासोने हाताचं पीठ झटकलं. "आमच्या गावात मला राहू देतील का?"

"ते आम्ही कसं सांगणार? तुमचं गाव आम्हाला कधी समजलंय?"

तो एनेइदाकडे बघायला लागला. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी काही म्हणाले तर लोक म्हणतील माहेरची म्हणून बोलली. तुझे गुडघे तुला विचारत असतील, त्यांना उत्तर दे."

दामासो चाळिशीला टेकला होता आणि आमचं गाव अंतिम फेरीत कधी गेलं नव्हतं. पुढेही जाईल असं मीसुद्धा म्हणालो नसतो, आणि मी गावाचा अभिमानी माणूस आहे. त्याने कोंबडी घेतली.

संध्याकाळपर्यंत गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. क्रिसांतोशेठनी दुकानाच्या पायरीवरून जाहीर केलं की आजपासून त्या घराच्या पुढच्या दाराने कुणी पाव आणायचा नाही. शेठ मोठे हुशार. पुढचं दार म्हणाले, मागच्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी एवढी गर्दी झाली की कोंबड्यांना अंगणात जागा उरली नाही. सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे. न्हावी पाद्रीबाबांच्या मागे उभा होता आणि दोघे आभाळात ढग शोधत होते, ऐन उन्हाळ्यात. शेठनी स्वतः न येता मोलकरणीला पाठवलं होतं.

दामासो गेला सासऱ्याच्या घरी राहायला. भट्टी एनेइदाच सांभाळायची, आणि पूल ओलांडून तिथली खबरही तीच आणायची. म्हाताऱ्याची फार पंचाईत झाली होती. जाळीमागे बसल्यावर तोंड आपोआप उघडायचं आणि मग आठवायचं की हा आता आपला गडी आहे. पहिल्या सामन्यात तो नुसता खोकत राहिला. दुसऱ्यात दामासोने चेंडू कुंपणापार मारला तेव्हा शेजारचा म्हणाला, "तोरिबिओ, आता बोल की." म्हातारा म्हणाला, "चूक झाली असेल त्याच्याकडून."

सामने बरोबरीत येऊन शेवटच्यावर आले. तो बंदराच्या मैदानावर होता. आमचं गाव दोन ट्रक भरून बंदराच्या बाजूने ओरडायला निघालं, त्यात मीही होतो. कुणाच्या बाजूने ओरडायचं ते मी ठरवलं नव्हतं. ट्रकमध्ये सेकोची, आमच्याकडच्या उसाच्या दारूची, बाटली फिरत होती, त्यामुळे ठरवायची घाई नव्हती.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटची इनिंग, बंदराचे दोन गडी बाद, एक गडी दुसऱ्या बेसवर. बंदराच्या फलंदाजाने डाव्या बाजूला मैदानात चेंडू घातला. दुसऱ्या बेसवरचा गडी तिसरा ओलांडून होमकडे सुटला; तो पोहोचला की सामना बंदराचा. गुआसिमोच्या पोराने तिकडून जी फेक केली ती आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सरळ, जमिनीलगत, ताणलेल्या दोरीसारखी. चेंडू दामासोच्या हातमोज्यात आला तेव्हा पळणारा अजून लांब होता. इतका लांब की तो मनातून थांबलाच होता, पाय तेवढे चालत होते. आणि दामासोच्या मोज्यातून चेंडू खाली पडला.

कुणी धक्का दिला नाही, काही नाही. पिकलेला आंबा देठावरून सुटतो तसा पडला. गडी होमवर येऊन उभा राहिला, आणि त्यालाही क्षणभर आपण जिंकलो हे पटेना.

आमच्या दोन्ही ट्रकांत जल्लोष उसळला. टोप्या, बाटल्या, कुणाची तरी चप्पल, सगळं आभाळात. समोर गुआसिमोचे लोक मात्र दगडासारखे. मग तिकडून एक आवाज आला, "मुद्दाम टाकला. पाल्मिताचा ना तो." दुसरा म्हणाला, "हेर आणून ठेवला आपण, वर कोंबडी दिली." लोक कुंपणाकडे सरकायला लागले. दामासो चेंडूकडे बघत तसाच उभा होता.

तेव्हा तोरिबिओ बाकावर चढला. "अरे गाढवांनो," तो ओरडला, "इतकी वर्षं मी घसा फोडून काय सांगतोय? याच्या हाताला पीठ आहे. याला चेंडू सोडायला मुद्दाम कशाला लागतंय? हा झेलतो तेव्हा मुद्दाम झेलतो."

कुणीतरी हसलं. हसू पसरलं, शिव्या विरल्या, आणि गुआसिमोवाले डोळे पुसत आपल्या बसकडे गेले. दामासोने सासऱ्याचा हात धरला. "सासरेबुवा, उपकार झाले."

"उपकार कसले? धावणाऱ्याकडे बघत होतास ना?"

"हो. चेंडू हातात यायच्या आधीच त्याच्याकडे बघितलं."

"मला जाळीमागून दिसलं. घरी जा आता. खोगिरं शिवायला ये म्हणालो असतो, पण सुईही सोडशील."

दामासोला वाटलं, संपलं. पण तो आमच्या ट्रकपाशी आला आणि खरी आफत सुरू झाली. लोकांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. क्रिसांतोशेठनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"काय डोकं," शेठ म्हणाले. "आत शिरून बुडवलंस त्यांना. मी इथे तुला शिव्या घालतोय आणि तू मनात हे धरून बसलायस. एक शब्द बोलला नाही पठ्ठ्या."

"शेठ, चेंडू सुटला."

"सुटला, सुटला," शेठ म्हणाले, आणि एक डोळा मिटला.

तो डोळा सगळ्या गावाला लागला. न्हावी म्हणे "सुटला हं" आणि डोळा मारी. पाद्रीबाबा म्हणाले देवाला सगळं दिसतं, आणि त्यांनीही मारला. पुढच्या दाराने रांग लागली. शेठनी रविवारी चौकात डुक्कर भाजायचं ठरवलं, कापडावर मोठ्या अक्षरांत दामासोचं नाव रंगवून घेतलं, आणि येईल त्या गुराख्याला, ट्रकवाल्याला हीच कथा रंगवून सांगायला लागले. जितकं दामासो नाही म्हणे तितका लोकांचा विश्वास वाढे. मी एकाला म्हटलं, अरे, सालिनासच्या सामन्यात स्वतः होऊन पंचाला सांगणारा माणूस हा. तो म्हणाला, "तेच तर. असल्या माणसावर कोण संशय घेणार?"

एका दुपारी मी भट्टीपाशी बसलो होतो. दामासो पीठ मळत नव्हता, नुसता त्यात हात घालून बसला होता.

"चीचो," तो मला म्हणाला, "मी हरलो हे मला चालतं. मी वाईट खेळलो हेही चालतं. पण हे मला चोर म्हणतायत, आणि वर हार घालतायत."

"तू सांगतोयस ना त्यांना."

"घसा बसला सांगून."

एनेइदा लाकडं सारत होती. ती न वळता म्हणाली, "कानाने ऐकणारं गाव आहे का हे? यांना पोटाने सांग."

दुसऱ्या सकाळी दामासो खिडकीत उभा राहिला. पहिली आली नीएवेस म्हातारी.

"नेहमीचे चार."

"आधी सांगा, चेंडू का पडला?"

"तू पाडलास, वाघा."

"पाव संपला, नीएवेसमावशी."

"अरे, मागे टोपली भरलीय."

"भरलेली आहे. तुमच्यासाठी संपला."

म्हातारीला काही कळेना. मागून न्हावी म्हणाला, "मी सांगतो. चेंडू सुटला." आणि सवयीने त्याचा डोळा मिटला.

"डोळा मिटला," दामासो म्हणाला. "रांगेच्या शेवटी जा."

त्या दिवशी पाल्मितात पाव फक्त तीन घरांत गेला, त्यातलं एक माझं. बाकीच्यांनी उकडलेल्या मक्यावर भागवलं. रविवारी चौकात डुक्कर उत्तम भाजलं गेलं, पण रस टिपायला पाव नाही, आणि ज्याचं नाव कापडावर होतं तो घरी झोपलेला. लोक बोटं चाटत एकमेकांकडे बघत राहिले. सोमवारी नीएवेस म्हातारी खिडकीशी आली आणि दोन्ही डोळे हाताने उघडे धरून म्हणाली, "सुटला रे बाबा. तुझ्या निष्काळजीपणाने सुटला." तिला चार पाव मिळाले, गरम. मग गावाला गोडी लागली. खिडकीशी येऊन दामासोला नावं ठेवायची आणि पाव घेऊन जायचं. कुणी म्हणे लाकडी हात, कुणी म्हणे आंधळा, पाद्रीबाबांनी तर जरा जास्तच वेळ घेतला. दामासोचा चेहरा रोज उजळत गेला.

एकटे क्रिसांतोशेठ अडून बसले. त्यांचंही खरं होतं. चेंडू आपोआप सुटला म्हटलं की गुआसिमोच्या पराभवात आपल्या गावाचा हात उरत नव्हता, आणि त्यांनी तो हात अर्ध्या प्रांताला दाखवून ठेवला होता. ते मका खात राहिले. मोलकरीण पाठवली तर दामासोने तिला पाव दिले, पण तिच्या स्वतःच्या घरासाठी, शेठच्या घरासाठी नाहीत.

मग कार्निव्हल आला. त्या साली शेठची मुलगी कार्निव्हलची राणी निवडली गेली होती. राणीच्या घरी पहिल्या सकाळी सगळं गाव नाश्त्याला येणार, वाजंत्री येणार. पाव नसेल तर मुलीला काय तोंड दाखवणार? शेठ स्वतः आले, पांढरा सदरा घालून, पुढच्या दाराने. रांगेने बाजूला होऊन त्यांना वाट दिली, कारण कुणाला ऐकायचं चुकवायचं नव्हतं.

"दामासो," शेठ घसा साफ करून म्हणाले, "तो चेंडू."

"हं."

"सुटला."

"कसा सुटला, शेठ?"

"तू पळणाऱ्याकडे बघितलंस. चेंडूकडे बघायला हवं होतं. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं."

"मुद्दाम?"

शेठनी रांगेकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, टोपी काढली. "मुद्दाम नाही. शुद्ध गाढवपणा."

दामासोने मोठी टोपली उचलून खिडकीत ठेवली. शेठनी ती घेतली, दोन पावलं गेले आणि राहवेना म्हणून वळले.

"पण फार वाईट सोडलास हो. इतका सोपा चेंडू."

"फारच सोपा होता," दामासो खूश होऊन म्हणाला, आणि आणखी दोन पाव त्यांच्या टोपलीत टाकले.