लेकीचं बाळंतपण आणि माझी झोप

लेकीला सातवा लागला तेव्हा सगळ्या घरात आनंद होता आणि मला घोर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणजे माझ्या घरी, माझ्या हातून. आणि मला तर रात्रीचं जागरण करायची सक्त मनाई आहे.

मला बायपोलर आहे. हे वाक्य आता मी ‘मला शुगर आहे’ म्हटल्यासारखं म्हणते, पण तिथवर यायला बरीच वर्षं गेली. या आजारात मन कधी चढतं, कधी उतरतं. मधला बराच काळ मी चारचौघींसारखीच असते. भाजी निवडते, मालिका बघते, भाव करताना भांडते. मन चढतं तेव्हा झोप येत नाही, आणि गंमत म्हणजे तिची गरजही वाटत नाही. तोंड थांबत नाही, डोक्यात एकाच वेळी दहा बेत शिजतात आणि दहाही आपल्याला जमणार याची खात्री असते. उतरतं तेव्हा उठून दात घासणंसुद्धा होत नाही.

आता कोल्हापुरात मन चढलेलं माणूस ओळखायचं कसं? इथं सगळेच मोठ्यानं बोलतात आणि अनोळखी पाहुण्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. एका वर्षी मी गल्लीतल्या घराघरांतून पडदे धुवायला मागून आणले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. “लई कामाची बाई हाय,” म्हणत शेजारणींनी आनंदानं काढून दिले. एकीनं तर सोबत चादरीही दिल्या! पुढच्या आठवड्यात मन उतरलं. पडदे टबात भिजत पडले, वास मारायला लागले आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. शेवटी ह्यांनी ते सगळे धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि घरोघर पोचवले. कुठला पडदा कुणाचा हे त्यांना काय ठाऊक? गल्लीत बरेच दिवस अदलाबदल चालू होती. आपल्या पदरात कसला माणूस पडलाय, हे मला त्या पडद्यांनी दाखवलं.

नंतर औषध नीट बसलं. मी बरी राहू लागले, पण घराची धास्ती गेली नाही. जरा मोठ्यानं हसले की हे विचारतात, “रात्री झोप लागली न्हवं?” डोळ्यांत पाणी दिसलं की, “गोळी घेतलीस?” मायेनंच विचारतात, तरी माझं डोकं फिरतं. बाईमाणसानं साधं हसू नये, रडू नये की काय?

हा आजार पहिल्यांदा डोकावला तो लेकीच्या जन्मानंतर. बाळंतिणीच्या खाटेवर माझा डोळ्याला डोळा लागेना. मी अखंड बोलत सुटले, कुणाकुणाला फोन लावत सुटले. लोक म्हणाले बाहेरचं आहे. कुणी नारळ उतरवला, कुणी अंगारा लावला. दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि तिथून मी आले ती पार विझून. लेकीचे पहिले महिने माझ्या आईनं निभावले. माझी पोर तेव्हा कशी दिसायची, कशी रडायची, मला काहीसुद्धा आठवत नाही. मी तिला एकदाही न्हाऊ घातलं नाही. बाकीच्या बायका बाळंतपणाच्या गोष्टी रंगवून सांगतात तेव्हा मी उठून आत जाते.

म्हणून मला हे बाळंतपण हवं होतं. फार हवं होतं. पण जागरणं झाली तर पुन्हा आजारी पडशील, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

“तू सासरीच राहा,” मी एकदा मन घट्ट करून लेकीला म्हटलं. “मला काही झालं तर तुझे हाल होतील.”

“आणि मला काही झालं तर?” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आईला हा आजार आहे तर बाळंतपणानंतर माझ्यावरही नीट लक्ष ठेवायचं. माझी झोप उडाली तर ती पोरापायी उडालीय का दुसऱ्या कशानं, हे कुणाला कळणार? तुलाच की. मी तुझ्याकडंच येणार.”

आजवर सगळे माझ्यावर लक्ष ठेवत आले. कुणीतरी मला लक्ष ठेवायला सांगावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी जाऊन भांडी घासायला लागले. तिथंच रडले असते तर ह्यांनी गोळीचं विचारलं असतं.

राहता राहिल्या विहीणबाई. जावयाला लग्नाआधीपासून सगळं ठाऊक होतं, त्याच्या आईला नव्हतं. त्या जयसिंगपूरच्या. धान्याचं दुकान एकहाती चालवतात आणि तोंडानं अशा फटकळ की गिऱ्हाईकसुद्धा सरळ रांगेत उभं राहतं. आमच्याकडच्या डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरून झाल्यावर त्या मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, “दिवस भरत आलं की आणा पोरीला. पर रात्री पाजायला तुमीच उठवायचं बगा. तिची झोप लई जड हाय.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मला रात्री उठता येत नाही.” आणि एकदा सुरुवात केल्यावर मी सगळंच सांगून टाकलं. लेकीचा जन्म, दवाखाना, गोळ्या, पडदेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी पदर खोचला, चहाची भांडी विसळली आणि संध्याकाळच्या गाडीनं सुनेला घेऊन निघून गेल्या.

मग फोन नाही, निरोप नाही. मी समजले की संपलं. कुठली सासू अशा घरात सून पाठवेल? हे म्हणायचे, थांब जरा. मी थांबत होते, पण आतून तुटत होते.

एका दुपारी त्यांचा फोन आला. ना नमस्कार ना चमत्कार.

“काय वं, तुमी दिवा कवा मालवता?”

“जेवण झालं की लगेच,” मी गोंधळून म्हटलं.

“मग दिवा मालवल्यापासनं सकाळचा च्या हुईस्तवर पोर माजं. दिवस तुमचा. मी येतो तिकडं ऱ्हायला.”

“आणि दुकान?”

“दुकान पोरगं बगंल. लोळतंय नुसतं, जरा घाम गाळू दे.”

विहीण व्याह्यांच्या घरी बाळंतपणाला येऊन राहते, हे आमच्याकडं कुणी ऐकलंही नव्हतं. गल्लीला तर महिनाभराचा विषय मिळाला. विहीणबाई मात्र पिशवीभर आळीव आणि डिंक घेऊन आल्या आणि बाळंतिणीच्या खोलीत अंथरूण टाकून मोकळ्या झाल्या. त्यांनाही मी कशाकशावर नजर ठेवायची ते शिकवलं: माझं बोलणं वाढतंय का, झोप कमी होतेय का, डोळ्यांत उगाच पाणी येतंय का.

नात झाली. मी लेकीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पहिल्या आठवड्यात ती एकदोनदा हमसून रडली तेव्हा मी तिच्यापासून हलले नाही. पण रडून झाल्यावर ती जेवायची, आणि पोर झोपलं की तीही घोरायला लागायची. तिच्या बोलण्यात माझी ती घाई नव्हती. डॉक्टरीणबाईंनीही तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. ती घोरायची तेव्हा मी दाराशी उभी राहून ऐकत असे. त्याहून गोड काही मी ऐकलेलं नाही.

पोरीला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. एके सकाळी त्या आल्या नाहीत. न्हाणीत ऊन पाणी काढून झालेलं, पोर तेल लावून तयार.

“बसा पाटावर,” विहीणबाई मला म्हणाल्या.

मी हात पुढं करून दाखवले. गोळ्यांमुळं माझे हात थरथरतात, कपातला चहा बशीत सांडतो. “घसरली म्हणजे?”

“हात थरथरत्यात न्हवं? पाय तर न्हाय थरथरत? पोर पायावर असतंय. बसा गुमान, पाणी मी घालतो.”

मी पाटावर बसले, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब केले. त्यांनी पोरीला माझ्या नडग्यांवर पालथी ठेवली. केवढंसं ते अंग! ऊन, तेलकट, आणि माझ्याच पायांवर श्वास घेणारं. पाणी पडलं तशी ती किंचाळली, मग मी पाठीवरनं हात फिरवत राहिले तशी गप्प झाली. थरथरणारा हातच होता, पण तिला तो चालला. लेक दाराच्या चौकटीला टेकून बघत होती, आणि तिचं माझ्या हातून राहून गेलेलं सगळं न्हाणं-माखणं मला तिथं बसून मिळत होतं.

मला रडू फुटलं. अगदी आवाज करून. लेक दचकली, हे बाहेरून धावत आले. विहीणबाईंनी तांब्या तसाच हातात धरला आणि वाकून माझ्या तोंडाकडं बघितलं.

“हे रडणं दुखण्याचं हाय का आनंदाचं?”

“आनंदाचं,” मी म्हटलं.

“मग रडा की,” त्या म्हणाल्या आणि पोरीच्या पाठीवर पुढचा तांब्या ओतला.