शामची भाकरी

त्या दिवशी सकाळी मी हॉटेलच्या खोलीत इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलो होतो आणि खाली बसचा हॉर्न वाजत होता. पूजा झाल्याशिवाय मी पाणीही पीत नाही, हे टूरच्या मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी हॉर्न वाजतच होता…

गाव होतं सॉल्ट. जॉर्डनमधलं, डोंगरउतारावरचं जुनं गाव. पिवळ्या दगडाची घरं, एकाच्या डोक्यावर दुसरं. लेक-जावई दुबईत असतात. त्यांनी हट्टानं आम्हा नवरा-बायकोला या 'फूड अँड कल्चर' टूरवर नेलं. कल्चर म्हणजे पायऱ्या आणि फूड म्हणजे मटण, एवढंच तोवर मला कळलं होतं.

प्रत्येक ठिकाणी बायको विचारायची, यात मांस नाही ना? उत्तर यायचं, "नो मीट. ओन्ली चिकन." उमरग्याहून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर आम्ही दिवस काढत होतो…

त्या सकाळी एका घराच्या अंगणात नाश्ता होता. पुन्हा पायऱ्या. वर एक म्हातारी भट्टीपाशी बसून रोट्या भाजत होती. कणकेवर हिरवट पूड तेलात कालवून बोटांनी फासायची आणि आत सरकवायची. वास आला आणि मी जागीच थांबलो. अगदी आपल्या ओव्यासारखा वास… आणि वर तीळ.

खायला बसलो. म्हातारी मधूनमधून विचारायची, "बस?" म्हणजे 'पुरे का?' हे मला तेव्हा सुचलंच नाही. मी उठायला लागलो की ती 'बस' म्हणायची, मी मुकाट्यानं बसायचो आणि ती आणखी एक वाढायची. जावई हसून हसून बेजार. मॅनेजर मात्र घड्याळ दाखवत होता.

शेवटी जावयानं गाइडला विचारून मला सांगितलं. हिरवी पूड म्हणजे झातर, डोंगरात उगवणारा पाला. इथं घरोघरी सकाळी हेच खातात. इथंच नाही, आजूबाजूच्या देशांसकट या सगळ्या मुलखात. आणि या मुलखाला इथली माणसं पूर्वीपासून 'शाम' म्हणतात.

शाम… माझ्या हातातला घास हातातच राहिला.

माझे आजोबा निझामाच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण समुद्रापलीकडं कुठंतरी गेली होती, एवढंच घरात माहीत होतं. पुढं रझाकारांचा काळ आला, निझामाचं राज्य गेलं. त्यानंतर 'मी निझामाच्या फौजेत होतो' असं आमच्या भागात कोण सांगणार? आजोबांनी तो विषय गिळला तो गिळलाच.

म्हातारपणी त्यांचं डोकं जरा भरकटलं आणि रोज सकाळी एकच हट्ट सुरू झाला. "पोरी, शामची भाकरी आण." आमच्याकडं उर्दू शब्द बोलण्यात मुरलेले. शाम म्हणजे संध्याकाळ, यात विचारायचं काय? आई आदल्या सांजची झाकून ठेवलेली भाकरी पुढं ठेवायची.

आजोबा ताट सरकवायचे. "ही न्हाय." मग ओवा मागायचे, तीळ मागायचे, तेल मागायचे. आई वैतागून म्हणायची, "मामा, शामचीच हाय की! तुमच्या म्होरंच थापली काल."

ते जाईपर्यंत हेच चाललं. म्हाताऱ्याला सुनेच्या हातचं चालत नाही, असा गल्लीत बोभाटा झाला. आईच्या भाकरीचं आजही कुणी कौतुक केलं तर ती म्हणते, "सासऱ्याच्या घशाखाली न्हाय उतरली कधी." एवढ्या वर्षांत ते वाक्य बदललं नाही.

परत आल्यावर मी बायकोला म्हटलं, आईला सांगतो. तिनं थेट मोडता घातला. "आज त्यांना वाटतंय सासऱ्याचं चुकलं. उद्या वाटंल, आपण म्हाताऱ्याला शिळं घातलं. कशाला?" तिचं चूक होतं असंही नाही.

मग रोजचा त्रास सुरू झाला. पूजेला बसलो की डोळ्यांपुढं ते सरकवलेलं ताट. सोमवारी सांगू म्हणायचं, सोमवारी आई देवळातून प्रसन्न होऊन यायची, मग कसं सांगायचं? स्वतःचाच वैताग आला…

काल सकाळी पूजा आटोपली आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. कणीक मळली, ओवा-तीळ भाजून कुटले, करडईच्या तेलात कालवून वर फासले. बायको दारात उभी राहून म्हणाली, "ही भाकरी हाय का गोवरी?" पण तिनं अडवलं नाही.

आईपुढं ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. शाम हा मुलूख आहे, आजोबा तिथं गेले असणार आणि सकाळी हेच मागत होते.

तिनं ताटातली भाकरी उलटून बघितली. "म्हंजी माझ्या भाकरीला नावं ठेवत नव्हते?"

"न्हाय, आई."

तिनं घास मोडला, चावला. डोळे भरले होते. "एकदा तरी इचारायचं होतं म्या… कुठली शाम."

आणखी एक घास खाऊन म्हणाली, "ओवा लई झालाय." पण ताट सरकवलं नाही. शेवटच्या तुकड्यानं ताटातलं तेलही पुसून घेतलं.

सांगावं की नाही यात सबंध पावसाळा गेला. काल शिवाचं नाव घेऊन एकदाचं सांगितलं.