मंठाळचे हात आणि प्रिव्ह्यूचं फोल्डर

भालकीच्या बसस्टँडमागं एका लहान ऑफिसात मी तीन वर्षं वेबसाइटी बनवल्या. मालकाला आम्ही अण्णा म्हणायचो. काम चालू असताना प्रिव्ह्यूचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर साइटची एक प्रत आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरात टाकतं आणि ती ब्राउझरात उघडते. तिला इंटरनेट लागत नाही, बाहेरच्या कुणाला ती दिसतही नाही. ही प्रत ऑफिसबाहेर जायची नाही, असा अण्णांचा नियम होता. कच्चं काम बघितलं की लोक शंभर चुका काढतात, म्हणायचे.

मंठाळ गावच्या काही बाया ज्वारीच्या कडक भाकरी करायच्या आणि बिदरचा एक व्यापारी त्या शहरात विकायचा. त्याची साइट माझ्याकडं आली. पहिल्या पानासाठी त्यानं भाकरी थापणाऱ्या हातांचा फोटो पाठवला. गोरे, नितळ हात, नखांना रंग. खाली ओळ घालायची होती, ‘मंठाळच्या मायमाउलींच्या हातची चव’. पान मी बनवलं खरं, पण ते मला खुपत राहिलं. ज्यांच्या नावानं हे चाललंय त्यांनी एकदा तरी बघावं की! अण्णांना न विचारता मी प्रिव्ह्यू पेनड्राइव्हवर घेतला आणि रविवारी घरचा जुना लॅपटॉप घेऊन मंठाळ गाठलं.

पत्र्याच्या शेडात लॅपटॉप उघडला तर फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. घाईत मी पानाची फाइल तेवढी उचलली होती, फोटोंचं फोल्डर मागंच राहिलं होतं. बाया हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढच्या रविवारी अख्खं फोल्डर घेऊन परत गेले.

या वेळी फोटो दिसला आणि कुणी हसलं नाही. त्यांच्यातल्या थोरल्या बाईला सगळ्या अक्का म्हणायच्या. त्यांनी आपला हात स्क्रीनशेजारी धरला. बोटांवर तव्याचे जुने चटके होते.

“हे कुणाचे हात हायत गं?”

“व्यापाऱ्यानं पाठवलाय फोटो, अक्का.”

“भाकरी आम्ही थापायलोत, आन् हात दुसरीचे कामून लावलीस?”

मी मोबाइल काढला. अक्का परातीपुढं बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. मी फोटो घेतला.

सोमवारी तो पानावर लावला, तर ब्राउझर आपला जुनेच हात दाखवतोय. फोल्डरात जुन्या प्रिव्ह्यूंचा ढीग साचला होता. त्या सगळ्या प्रती पुसल्या, परत बटण दाबलं, तेव्हा कुठं अक्कांचे हात आले. मागं अण्णा उभे.

“हे काय करायलीस? आपलं गिऱ्हाईक कोण हाय? तो व्यापारी का ह्या बाया?”

“भाकरी त्यांची हाय, अण्णा.”

“जुना फोटो लाव आन् साइट इंटरनेटवर चढव.”

“न्हाई चढवत.”

मी शब्द मागं घेतला नाही. शेवटी अण्णांनी स्वतःच जुना फोटो लावून साइट चढवली. मी नवं फोल्डर, फोटोंसकट, पेनड्राइव्हवर घालून बायांना नेऊन दिलं आणि त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

पुढं बिदरच्या एका प्रदर्शनात बायांनी स्टॉल लावला. टेबलावर माझा लॅपटॉप, त्यात ते पान उघडं. लोक थांबून बघायचे, मग अक्कांच्या हातांकडं बघायचे. व्यापारी आला नि चिडलाच.

“ही साइट कच्ची आहे. बंद करा ते.”

“कच्ची तर कच्ची,” अक्का म्हणाल्या. “हात आमचे हायत. न्हाई बंद करत.”

तो गेला आणि दुसऱ्या गावातून भाकरी घ्यायला लागला. बायांना दोन-तीन महिने जड गेले. मग मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरच्या एका खानावळीनं रोजच्या भाकरी लावून घेतल्या, आणि त्यांचं पुन्हा सुरळीत झालं. मी आता घरूनच काम करते. मध्यंतरी अण्णांनी परत बोलावलं होतं. आधी प्रिव्ह्यू बाहेर न न्यायचा नियम बदला, म्हटलं. त्यांनी तो बदलला नाही. मी काही गेले नाही.