पाळण्यातली घोषणा

आमचे बाबा गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमचा माणूस आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर परत घरी. बाबा लवकर परतले की आई पिठाचा डबा हलवून बघायची. तसे दिवस फार झाले तेव्हा तिने मला नायगावहून चालत दादरला नेलं, एका घरी मूल सांभाळायला. मी चौथीत होते. शाळा सकाळची, काम दुपारचं.

बाळ इतकं गुटगुटीत, की त्याला मनगट नव्हतंच, नुसती वळी होती. घरच्या बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ही याला उचलणार?"

"उचलेल ओ बाई. नळावरनं भरली कळशी आणते ती," आई म्हणाली.

"कळशी लाथा मारत नाही."

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि उचलायच्या ऐवजी पाळण्याची दोरी हातात दिली. "अंगाई येते ना?" मी मान हलवली. येत एकही नव्हती. आमच्या चाळीखालून तेव्हा रोज मोर्चा जायचा, मला तोंडपाठ होतं ते तेवढंच. बाळ रडायला लागलं तशी मी इकडेतिकडे बघून हळूच सुरू केलं. दोरी ओढताना "संयुक्त महाराष्ट्र", सोडताना "झालाच पाहिजे". ते पाळण्याच्या झोक्यावर अगदी नीट बसलं. बाळ घोरायला लागलं.

मग ते दुसऱ्या कशानं झोपेना. बाईंनी स्वतः ती घोषणा म्हणून बघितली, पण त्यांना मध्येच हसू फुटायचं, की बाळ उठून बसायचं. बाईंचे यजमान, म्हणजे साहेब, घाबरले. ते सरकारी कचेरीत कारकून होते. "अगं, वर कुणी कळवलं तर नोकरी जाईल माझी!" त्यांनी खिडक्या लावून घ्यायचा हुकूम काढला. बाळ आणि मी घामाने निथळायचो, पण झोप लागायची.

माझी वार्षिक परीक्षा आली. दिवसभराची. मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "सुट्टी मागितलीस की त्या दुसरी मुलगी बघतील. बाबांना किती दिवस काम नाही, दिसतंय ना तुला?" दिसत होतं. पण परीक्षेला बसले नाही तर चौथी नापास, आणि नापास मुलीला परत शाळेत कोण घालणार? बाईंशी बोलायला माझी जीभ उचलेना. शेवटी बाई पोळ्या लाटत होत्या तेव्हा मी बाळालाच मोठ्याने सांगितलं, "बाळा, उद्या माझी परीक्षा आहे रे, पण मी काही जाणार नाही."

लाटणं थांबलं.

"का नाही जाणार? साहेबांची उद्या रजा आहे. ते झोपवतील."

"मी?" आतून आवाज आला.

"तुम्हीच. ये गं, शिकव त्यांना."

साहेबांसमोर मी एरवी मान वर करत नसे. त्या दिवशी ते दोरी धरून बसले आणि कानात सांगावं तसं पुटपुटले. बाळाने डोळे वटारले.

"साहेब, जरा मोठ्यानं," मी म्हटलं. "आणि 'च'वर जोर द्या."

"झाला...च पाहिजे."

"असं विनवायचं नाही, साहेब. मागायचं."

बाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळल्या. साहेबांनी खिडकी लागलीय का पाहिलं, डोळे मिटले आणि गर्जले, "संयुक्त महाराष्ट्र!"

वरच्या मजल्यावर त्यांच्याच कचेरीतले हेडक्लार्क राहायचे. तिथून खणखणीत उत्तर आलं, "झालाच पाहिजे!"

साहेब पांढरेफटक पडले. बाळ मात्र केव्हाच झोपलं होतं.

मी परीक्षेला बसले, पास झाले. पण तोवर बाईंना दुसरं बाळ होणार होतं, काम दिवसभराचं झालं, आणि पाचवीचं नाव आमच्या घरी कुणी काढलं नाही. मीही नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. थोरला तेव्हा चांगला बोलता, पळता झाला होता, तरी झोपताना त्याला तेच लागायचं. साहेब आता खिडक्या सताड उघडून त्याला थोपटायचे आणि कळवळून म्हणायचे, "अरे, झाला की आता! झोप ना!"