थंड न वाटणारा फ्रिज

नव्या रबराचा वास आला की पावर हाउस नावाच्या बाजारातलं ते दुकान आठवतं. नागपूरच्या वाटेवर आईचं इन्सुलिन थंड राहावं म्हणून गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज घ्यायचा होता. थर्मासमधला बर्फ वितळत होता, माझा जीव वरखाली होत होता, आणि पोलादाच्या भट्टीवर जन्म काढलेले बाबा एकेका चालू फ्रिजमध्ये तळवा घालून म्हणत होते, "मले तर हा थंडच नाही वाटून राहिला." तिसराही त्यांनी नापास केला तेव्हा वैतागून मीच हात घातला. बोटं बधिर झाली. "बाबा, आत तर बर्फ होऊन राहिला!" ते आपल्या तळव्याकडे बघत राहिले. लहानपणी माझा ताप ते कधीच हातानं बघत नसत, कपाळाला गाल लावायचे. इतकी वर्षं मी त्याला लाडच समजत होते.