पोन्नम्माच्या विहिरीच्या पाच नोंदी

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून माझ्या अंगावर कधी काटा आला नाही. पुण्यात एम.ए. करताना कविता शिकले, तेव्हा एवढे तरी कळले होते की नसलेल्याला असल्याचा भास देणे हे माणसाचेच कसब आहे. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचतानाही मी त्यामागचा लिहिणारा हात शोधत असे. आज माझा अनुभव लिहिते आहे. वाचकांनीही खुशाल शोधावे; मी शोधून थकले आहे.

आम्ही तंजावूरचे. मेलवीथीत घर. आमच्या घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. नाक्यानाक्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते, आणि रेडिओ दुरुस्त करणारे हात कॉम्प्युटर उघडू लागले होते. माझे पती माधवराव पाण्याचे इंजिनिअर. कावेरीच्या खोऱ्यातल्या गावोगावच्या विहिरींत पाणी किती खोल आहे, हे दर महिन्याला मोजण्याच्या एका प्रकल्पात ते होते. त्या कामासाठी त्यांना एक दणकट लॅपटॉप मिळाला होता. राखाडी, कोपऱ्यांना जाड रबर, वर धरायला मूठ, आणि वजनाला आमच्या आट्टुक्कलच्या, म्हणजे इडलीचे पीठ वाटायच्या दगडाच्या, तोडीस तोड. चिखलात पडला तरी चालतो, असे ते सांगत... आणि तो खरोखरच दोनदा पडला होता.

मोजण्याची पद्धत साधी होती. पोलादी टेपच्या टोकाकडचा हातभर भाग खडूने माखायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाची एक खूण केलेली असे, अंतर तिथूनच धरायचे. उपसा सुरू झाला की पातळी हलते, म्हणून ते पहाटेच्या पहिल्या उजेडात पोचत, आणि त्या दिवशी त्यांचे मोजून होईपर्यंत गावातले कुणी दोराला हात लावत नसे. घरी आल्यावर त्यांच्या बोटांना ओल्या खडूचा वास यायचा — शाळेच्या फळ्यावरून ओला बोळा फिरवल्यावर येतो, तसा.

प्रत्येक नोंदीत तारीख, अंतर, निरीक्षकाचे नाव आणि शेरा. शेऱ्यात हे काहीही लिहीत. ‘वासरू झाले.’ ‘घरात लग्न, दारात केळी.’ मी हसायची.

“हा सरकारी तक्ता आहे की रोजनिशी?”

“ज्याने पाहिले तोच लिहील,” ते म्हणत. “आकडा कुणीही लिहितो.”

मार्चच्या अखेरीस ते गेले. हृदयविकार, तासाभराचा खेळ. लॅपटॉप मी त्यांच्या कपड्यांबरोबर लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

जुलैत प्रकल्पाच्या तपासणी समितीचे पत्र आले. भाषा फार सभ्य होती. माधवरावांच्या नोंदी प्रत्यक्ष विहिरीवर जाऊन घेतल्यासारख्या वाटत नाहीत, त्या घरी बसून भरल्याचा संशय आहे. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मूळ यंत्रासह हजर राहून समितीच्या नव्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल उघडून दाखवावी, अन्यथा त्या ‘बनावट’ समजून अहवालातून त्यांचे नाव वगळले जाईल.

माधवरावांची थोरली बहीण अंबाक्का आमच्याकडेच राहत असे. तिला मी पत्र वाचून दाखवले. भाताची पेज गाळता गाळता तिने भांडे खाली आपटले.

“माझा धाकटा खोटें लिहील? अय्यो! लहानपणीं आंबा चोरला तरी आपणच येऊन सांगे, आणि मार मला मिळे. जा गे सुमित्रे, घेऊन जा तो डब्बा, आणि दाखव त्या शहाण्यांना!”

पण तो नवा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर चालत नव्हता. नवी विंडोज हवी, आणि ती पेलायला मेमरीही जास्त हवी. स्टेशनजवळच्या सेल्वमच्या दुकानात मी लॅपटॉप नेला. सेल्वम चाळिशी ओलांडलेला, कानामागे कायम टेस्टर खोचलेला माणूस. त्याने यंत्र उचलून पाहिले.

“अम्मा, हा लॅपटॉप मांडीवर ठेवला तर मांडीच दुरुस्तीला आणावी लागेल.”

अशी थट्टा करत तो तमिळमध्ये बोले, मी ती मराठीत देते आहे. त्याने स्क्रू काढले, झाकण घट्ट बसवणारी रबराची वादी सोडवली... आणि त्या क्षणी ओल्या खडूचा वास आला. सेल्वमनेही नाक वर केले.

“आत पाणी गेले होते का?”

आत सगळे कोरडे होते.

नवी मेमरी बसवण्याआधी फाइल फ्लॉपीवर घ्यायची म्हणून त्याने ती उघडली. मी शेजारी उभी होते. मार्चपर्यंतच्या नोंदी ओळीने खाली जात होत्या, प्रत्येकीपुढे ह्यांचे नाव. मार्चच्या खाली तक्ता संपायला हवा होता. तो संपला नाही. एप्रिल, मे, जून, जुलै — चार ओळी. चारही एकाच विहिरीच्या. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका गावात पोन्नम्मा नावाच्या म्हातारीच्या दारातली विहीर. चारही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या, म्हणजे तिथल्या मोजणीच्या ठरल्या दिवशीच्या. निरीक्षकाची जागा रिकामी. जुलैच्या ओळीत शेरा होता (ते इंग्रजीत लिहीत): ‘कठड्याला नवा चुना. खूण झाकली. दक्षिण कोपऱ्यावरून मोजले.’

“घड्याळाचा सेल गेला असणार,” सेल्वम म्हणाला. “तारखा उड्या मारतात. जुन्या ओळी पुन्हा उमटल्या असतील.”

मी वरचे आकडे पाहिले. ते वेगळे होते. आणि चुन्याचा उल्लेख आधी कुठेच नव्हता.

“माधवराव अय्या गेल्यावर कुणी उघडला होता?”

मी कमरेची किल्ली दाखवली. त्याने ती निरखून पाहिली. मग म्हणाला, “सेल बदलतो, डिस्क पूर्ण पुसतो, नवी विंडोज चढवतो. फाइल फ्लॉपीवरून परत घालू. काय बिघाड असेल तो जाईल.”

दुसऱ्याच दिवशी ऑगस्टचा पहिला शुक्रवार होता. ह्यांची टेप आणि खडूचा डबा घेऊन मी आणि अंबाक्का पहिल्या बसने निघालो. कालव्यांना नुकतेच पाणी सुटले होते. बांधांवरून ओल्या मातीचा गार श्वास खिडकीतून आत येत होता, आणि भातरोपांचा तो हिरवा रंग, जो डोळ्यांपेक्षा जिभेला आधी जाणवतो. उजाडताना आम्ही पोचलो.

कठड्याला ताजा चुना होता. पांढरी खूण त्याच्याखाली कुठेतरी गडप झाली होती.

पोन्नम्मा ओट्यावर बसली होती, शेजारी रिकामी घागर. ह्यांच्याबरोबर मी एकदा आले होते, तेवढ्यावरून मला ओळखून ती उठली, माझे दोन्ही हात तिने धरले आणि डोळे पुसले. चुना कधी लावला, असे मी विचारले.

“आडी महिना लागायच्या आधी, आमच्या अम्मन देवीच्या सणासाठी. जुलै लागताच.”

“आणि आज अजून पाणी काढले नाहीस?”

ती ओशाळली. “आज मोजायचा वार. सवय आहे ग. या दिवशी दोराला हात लावायला गेले की वाटते, कुणाचे तरी अजून व्हायचे आहे. थोडी थांबते. मग आपोआप वाटते, झाले आता — तेव्हा काढते.”

“आज वाटले?”

“अजून नाही.”

अंबाक्काने माझा दंड घट्ट धरला. मी खडू लावला, दक्षिण कोपऱ्यावरून टेप सोडली. हाताला पाण्याचा तो अगदी हलका स्पर्श कळला, जणू खालून कुणी टोक चिमटीत धरले. वर ओढून वाचले: तीन मीटर चौसष्ट. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवले. अक्कालाही आकडा सांगितला नाही. मागे पोन्नम्माच्या घागरीचा आवाज आला. तिने दोर सोडला होता.

दुपारी दुकानात गेलो, तेव्हा सेल्वम नव्या विंडोजची शेवटची फ्लॉपी काढत होता. सकाळभर यंत्र त्याच्या टेबलावर उघडे, तुकड्यातुकड्यांत पडून होते. त्याने ते बंद करून पुन्हा सुरू केले. काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा टिकटिकत चढत गेला, नवे ढगांचे चित्र आले. त्याने आदल्या दिवशीच्या फ्लॉपीवरून फाइल आत घेतली आणि उघडली.

जुलैच्या खाली पाचवी ओळ होती. तारीख आजची. अंतर तीन मीटर एकसष्ट. शेरा: ‘सुमित्रा आली. टेप काठावर वाकली. तीन सेंटिमीटर वजा.’

मी पर्समधली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सेल्वमने ती वाचली, पडदा वाचला, आणि कानामागचा टेस्टर काढून हातात धरून बसला. फ्लॉपी त्याने दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिली. तिथे चारच ओळी होत्या.

“अम्मा,” फ्लॉपी बाहेर काढत तो म्हणाला, “सोमवारी हे समितीला दाखवणार? मेलेल्या माणसाच्या पाच महिन्यांच्या नोंदी? ते म्हणतील, सगळाच तक्ता असा बनवला. पाच ओळी आहेत. एक बटण. मी दाबू का?”

त्याचे खरे होते. या पाच ओळींनीच ह्यांचे नाव बुडाले असते.

“दाबूं नको,” अंबाक्का म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. मी शेरा मराठीत सांगितला होता. “त्यानें चुकलेला आकडासुद्धा कधीं पुसला नाहीं. वरून रेघ मारायचा, खालचें दिसेलसा. तुझी चूकही बघ कशी काढली! मेला तरी मास्तरकी गेली नाहीं.” आणि ती तिथेच, फ्लॉप्यांच्या ढिगाशेजारी, हसता हसता रडू लागली.

मी खुर्ची ओढून बसले. निरीक्षकाच्या रिकाम्या रकान्यात, पाचही ओळींपुढे, माझे नाव टाइप केले. तेवढ्या पाचव्या ओळीतला शेरा बदलला: ‘टेप काठावर वाकली. तीन सेंटिमीटर वजा.’ माझे येणे मी काढून टाकले. ते दोन शब्द उडवताना बोटाला जे झाले, ते सांगायला मला आजही शब्द सापडत नाहीत.

सोमवारी समितीने मला विचारले, पतीच्या निधनानंतर या नोंदी तुम्ही घेतल्या का? मी हो म्हटले. त्यांच्यातला एक माणूस दोन दिवसांनी स्वतः त्या गावी गेला. पोन्नम्माने त्याला, लेव्हलवाले अय्या कसे येत, काय काय विचारत, सगळे सांगितले. वासराची आता गाय झाली होती, ती दाखवली. मधल्या महिन्यांविषयी त्याने तिला विचारले नाही. त्याने मोजलेले अंतर आमच्या आकड्याशी जुळले. संशय मागे घेतल्याचे पत्र आले. अहवालात माधवरावांचे नाव राहिले, खाली लहान अक्षरांत माझेही.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी मुद्दाम गेले नाही. संध्याकाळी लॅपटॉप उघडला. ऑगस्टच्या खाली काही नव्हते. ऑक्टोबरातही नव्हते. पुढे पोन्नम्मा भेटली, तेव्हा सहज म्हणाली, हल्ली ती उठल्याबरोबर पाणी काढते, थांबावेसे वाटत नाही.

घड्याळाचा सेल, जुन्या डिस्कवरचे अवशेष, माझे दुःख... सगळी कारणे मी लावून पाहिली. सेल्वमच्या दुकानातली ती पाचवी ओळ त्यातल्या कशातच बसत नाही. समितीला मी सांगितले नाही ते इथे प्रथमच लिहिते आहे: एप्रिल ते जुलै मी त्या विहिरीवर गेलेच नव्हते. माधवरावांनी आयुष्यात एकही खोटी नोंद केली नाही. त्यांच्या तक्त्यात खोटे आहे ते फक्त माझे नाव, चार ठिकाणी. तिथे खरे कुणाचे असायला हवे होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.