शिकागोच्या टॉवरवरचा होकार

शिकागोतल्या त्या प्रसिद्ध उंच टॉवरच्या माथ्यावर मी जाऊन आलेय; पण वरून काय दिसतं ते मात्र मला विचारू नका.

गोष्ट दोन हजार चारची. आमचा समीर 'दोन वर्षांत येतो' म्हणून तिकडे नोकरीला गेला, त्याला बरीच वर्षं उलटली होती. इकडे नाशिकजवळ मखमलाबादला यांनी (म्हणजे आमच्या मालकांनी, समीरच्या दादांनी) त्याच्यासाठी घरावर खोली चढवली. आत खुर्चीवाला संडास! आम्ही दोघं अजून त्याच्याकडे लांबूनच बघतो. मी समीरकडे निघाले तेव्हा शेवंतीची तोडणी चालू होती, म्हणून हे मागेच राहिले. मला निरोप देताना एवढंच म्हणाले, "तो परत येणार का नाय, ते इचारून ये. फोनवर माझ्यानं नाय होत."

आता विचारायचं कधी? सकाळी समीरला घाई, संध्याकाळी मांडीवर लॅपटॉप, जेवताना समोर सूनबाई. महिना असाच गेला. मग टॉवरचा बेत निघाला. मनात म्हटलं, बरं झालं! एकदा वर गेल्यावर पळून जाईल कुठे?

पण ती लिफ्ट! अशी सुटली की माझं पोट तळमजल्यावरच राहिलं. कानांना दडे बसले. मी डोळे गच्च मिटले, ते मिटलेच. दार उघडलं, मागून गर्दीने लोटलं, तशी मी चाचपडत समीरच्या जाडजूड जॅकेटची बाही पकडली.

"हात सोडू नकोस रे बाबा," म्हटलं.

हात सुटला नाही. उलट वरून दुसरा हात आला आणि मला हलकेच थोपटायला लागला! माझा ऊर भरून आला. या पोराने मला कधी थोपटलं नव्हतं हो! म्हटलं, हीच वेळ. डोळे मिटूनच सुरुवात केली.

"समीर, दादा थकलेत रे. फुलांची पाटी उचलताना धाप लागते त्यांना. बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी वरच्या खोलीतला दिवा लावून येतात. रस्त्यावरून कुणी राहतंय असं दिसावं म्हणून. आम्हाला तुझं काही नको. तू येणार का, तेवढं सांग. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"येस, येस," उत्तर आलं. "ओके."

मी रडायलाच लागले. (किती गुणी लेकरू! एका शब्दात मोकळं केलं!) पदराने डोळे पुसायचे म्हणजे उघडणं आलंच. बघते तर समोर तांबूस दाढीचा, सहा फुटी गोरा! जॅकेट तेवढं समीरसारखंच काळं. बाही माझ्या मुठीत, आणि पाणी त्याच्याही डोळ्यांत!

समीर धावत आला. "आई! मी तुला तिकडे शोधतोय! काय सांगत होतीस त्यांना?"

आता तेच सगळं पुन्हा म्हणायचा धीर कुठून आणायचा?

"काही नाही," म्हटलं. "थंडी फार आहे म्हणत होते."

काचेबाहेर नुसतं धुकं. शहर नाही, तळं नाही, काही नाही. खाली येताना समीर आपणहून म्हणाला, "आई, आम्ही इथेच घर बघतोय. तुला सांगायचं राहूनच जात होतं."

"बघा की," मी म्हटलं. "संडास बघून घे नीट."

दुसऱ्या दिवशी समीर कामावर गेल्यावर मी नाशिकला फोन लावला. यांना सगळं सांगितलं, बाहीपासून घरापर्यंत.

"म्हंजे हो म्हणाला, तो दुसराच?"

"दुसराच."

"मग त्याचा पत्ता तरी घ्यायचा का नाय? खोली रिकामीच हाय."

हे हसले. मीही हसले. आणि खरं सांगू? फोन ठेवल्यावर मला चुटपुटच लागली. सातासमुद्रापलीकडे जाऊन, ढगात चढून, रडून-भेकून एकुलता एक होकार मिळवला. आणि बावळटासारखी तोही वरच ठेवून आले!